व्हीलीआधी मागचं चाक: दोरी, हवा आणि सूतभराचा फरक

परभणी-मानवत पट्ट्यात सकाळी सहाला कालव्याजवळ उभं राहिलं तर व्हीली, म्हणजे पुढचं चाक हवेत उचललेली गाडी, फुकटात बघायला मिळते. दूधवाला भरावावर चढत असतो. कॅरियरला दोन्ही बाजूंनी चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, गाडी पहिल्या गिअरात. क्लच जरा झटक्यानं सुटला की पुढचं चाक वीतभर उचलतं. तो पुढं वाकतो, मागच्या ब्रेकवर पाय दाबतो, चाक टेकतं आणि स्वारी पुढं निघते. तोंडावरची माशीसुद्धा हलत नाही.

त्याला कुणी स्टंट म्हणत नाही, पण गणित तेच आहे. गाडी आणि माणूस मिळून जो बोजा होतो, त्याचा मध्य मागच्या चाकाच्या जितका पुढं, तितकं पुढचं चाक जमिनीला धरून राहतं. कॅन मागं लटकले की मध्य मागं सरकतो, चढ लागला की अजून मागं. एकट्या माणसासह साध्या गाडीचा हा मध्य, मागचा टायर टेकतो तिथून समजा ६० सेंटिमीटर पुढं आणि ६५ सेंटिमीटर वर धरला, तर गाडी साधारण ४३ अंश उचलल्यावर तो बरोबर टायरच्या टेकण्याच्या जागेवर येतो. पोरं ज्याला बॅलन्स पॉइंट म्हणतात तो हाच. त्याच्या अलीकडं गाडी पुढं पडू पाहते, पलीकडं गेली की मागं उलटू पाहते. पलीकडून तिला परत आणायला हाताशी एकच गोष्ट असते, मागचा ब्रेक.

पुढचं चाक जमिनीवर असतं तोवर ते मागच्या चाकाची सगळी पापं झाकतं. मागचं चाक सूतभर तिरकं असलं तरी हँडल नकळत तितकंच वळतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. बेरिंग सैल असलं तरी काम भागतं. पुढचं चाक उचललं की झाकणारं कुणी उरत नाही. माझ्याकडं गॅरेजात येणारी नवी पोरं पहिला प्रश्न विचारतात, 'मागं कितीचं स्प्रॉकेट टाकू?', म्हणजे किती दातांची चेनची चकती. चाक सरळ आहे का, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. म्हणून हा लेख चाकाबद्दल आहे आणि स्प्रॉकेट शेवटाकडं येईल.

जागा आणि अंगावरचं

रस्त्यावर व्हीली नाही, एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावरही नाही. तो सार्वजनिक रस्ताच असतो आणि मोटार वाहन कायद्याचं धोकादायक गाडी चालवण्याबद्दलचं कलम १८४ तिथंही लागतं. गाडीवर अठराच्या आतला पोरगा असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकावरही गुन्हा येतो. सोयाबीन काढलेलं वावरही चालत नाही, कारण काळ्या रानाला मे महिन्यात पडणाऱ्या भेगांत चाक अडकतं. आपल्याकडची सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिनिंगचं काँक्रीटचं पटांगण. कापसाचा हंगाम उरकला की उन्हाळ्यात ते रिकामं पडतं. मालकाला विचारा, झाडून घ्या. सरकी आणि रुईचे कण टायरखाली आले तर काँक्रीटवरही घसरायला होतं.

आयएसआय मार्कचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याला गार्ड, घोट्याच्या वर येणारे बूट, हे सगळं पाहिजेच. चपलेवर आलेल्या पोराला मी गाडीला हात लावू देत नाही.

हवा आणि टायर

स्टंटवाल्यांचे व्हिडिओ बघून पोरं मागची हवा पंधरा पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणतात. त्यामागचं कारण खरं आहे. हवा कमी झाली की टायर चपटा बसतो, जमिनीवरचा ठसा मोठा होतो आणि हळू वेगात गाडी डावी-उजवीकडं कमी डुलते. पण ती पोरं दिवसाला चार वेळा हवा मोजतात, त्यांचा टायर त्याच कामाला ठेवलेला असतो आणि त्या गाडीवर ते घरी जात नाहीत. तुम्ही त्याच गाडीवर मानवतहून परभणीला परत जाणार आहात.

गाडीत ट्यूब असेल तर धोका अजून वाढतो. कमी हवेत जोर लावला की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असल्यानं तो तिरका होतो आणि एक दिवस बुडातून फाटतो. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह आत्ताच बघून या. तो रिममधून सरळ उभा न दिसता वाकलेला दिसला, तर टायर सरकतोय असं समजा.

नवख्यानं चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर (मागचं चाक फ्रेमला जोडणारा स्विंगआर्म) चिकटवलेल्या स्टिकरवरचा एकट्या माणसाचा आकडा धरावा. बऱ्याच साध्या गाड्यांना मागं तो २८ च्या आसपास असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. ३० अंशात २८ भरलेली हवा ४३ अंशाच्या उन्हात नुसत्या उभ्या गाडीत तीसच्या जवळ जाते. दुपारी पंपावर मोजून 'जास्त झाली' म्हणत काढली, तर संध्याकाळी ती कमी पडते. पंपावरच्या मीटरचा भरवसा नसतो, पेनासारखा छोटा मीटर जवळ ठेवा.

हवेनंतर टायरचा आकार बघा. आपल्याकडं सरळसोट रस्त्यावर गाडी रोज पळते, म्हणून टायर मधोमध घासून सपाट होतो आणि कडेला दोन कंगोरे उभे राहतात. सरळ उभी असताना ही गाडी फार स्थिर वाटते. पण पुढचं चाक हवेत असताना ती थोडी कलली की टायर त्या कंगोऱ्यावर चढतो आणि एकदम पडल्यासारखं होतं. नवख्याला वाटतं आपलाच तोल गेला. गोलाई शाबूत असलेला टायर हळूहळू कलतो, त्यामुळं आवरायला वेळ मिळतो.

एक शौक मात्र मला पटत नाही, बारीक रिमवर रुंद टायर चढवायचा. रिम त्याला दोन्ही बाजूंनी आवळतो, टायर उंच आणि निमुळता होतो, बाजूच्या भिंती डुलतात. दिसायला पैलवान, उभं राहायला लुळा. कंपनीनं दिलेलं माप ठेवा आणि टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघूनच तो बसवा.

चाक हलतंय का

गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक हातानं फिरवा आणि चिमट्याला लावलेल्या एखाद्या काडीच्या टोकाशी रिमची कड बघा. कड आत-बाहेर किंवा वर-खाली २ मिलीमीटरपेक्षा जास्त जात असेल तर रिम आऊट आहे. आऱ्यांची गाडी असेल तर प्रत्येक आऱ्यावर पान्यानं हलकं वाजवा. ताणलेली तार टणकन वाजते, सैल तार भद्द वाजते. सैल आरे एकाच बाजूला सापडले तर घरी खटाटोप करू नका, चाक बांधणाऱ्याकडं द्या. अलॉय चाकाला खड्ड्याचा तडा गेला असेल तर वेल्डिंगच्या नादी न लागता चाक बदला. आपल्याकडच्या खड्ड्यांनी अशी चाकं मी ढिगानं पाहिली आहेत.

आता टायर घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरा आणि आत-बाहेर ढकला. कटकट लागली तर एकतर चाकाचं बेरिंग गेलंय किंवा चिमट्याचा बुश, म्हणजे त्याच्या बोल्टभोवतीची नळी. दोन्हीत फरक कळायला सोपी युक्ती आहे. एका हातानं चिमटाच धरून आडवा हलवा, दुसऱ्या हाताचं बोट चिमटा फ्रेमला जोडतो त्या बोल्टवर ठेवा. बोटाला टकटक जाणवली तर बुश, चिमटा गच्च असून चाकच हलत असेल तर बेरिंग. चिमट्याचा बुश बहुतेक गाड्यांत वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि व्हीलीत गाडी शेपटी हलवल्यासारखी करते ती बऱ्याचदा त्यामुळंच.

दोरी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यानं माझा एक अख्खा उन्हाळा खाल्ला.

मी शिकत होतो तेव्हा माझी गाडी पुढचं चाक उचललं की दर वेळी एकाच बाजूला पडायची. आधी वाटलं माझ्या बसण्यात खोट आहे. मग शॉकअप बदलले. मग टायर बदलला. चाक मागं-पुढं सरकवून चेन ताणायच्या ॲडजस्टरच्या खुणा मी रोज बघायचो, दोन्ही बाजूंना तिसऱ्या रेघेवर. शेवटी वस्ताद पटांगणात आले, त्यांच्या खिशात गवंड्याची लाइनदोरी होती. त्यांनी मागच्या टायरला मागून वेढा देऊन दोरीची दोन्ही टोकं पुढच्या चाकापलीकडं नेली, विटांच्या तुकड्यांवर ताणून ठेवली आणि उकिडवे बसून एक डोळा मिटला. हँडल सरळ होतं. डावीकडं दोरी आणि पुढचा टायर यांच्यामधून बोट जात होतं, उजवीकडं दोरी टायरला चिकटली होती.

"लेका," ते म्हणाले, "तू रेघा बघत बसला. रेघा कुणी मारल्या ते बघितलं का?"

उजवीकडचा ॲडजस्टर दुसऱ्या गाडीचा होता. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी बसवलेला, दिसायला तसाच, पण खुणा एका सुतानं मागंपुढं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम तीन मिलीमीटर. आता त्याचा हिशोब बघा. दोन ॲडजस्टरमधलं अंतर साधारण वीतभर, २० सेंटिमीटर. त्यात एक बाजू ३ मिलीमीटर मागं-पुढं झाली की चाकाची रेष फिरते आणि १.३ मीटर पुढं, पुढच्या चाकापाशी, ती जवळजवळ २ सेंटिमीटर सरकलेली असते. गाडी आणि माणसाचा मध्य चाकाच्या त्या रेषेपासून ९ मिलीमीटर बाजूला पडतो. दोन चाकांवर हे कळत नाही. एका चाकावर तो ९ मिलीमीटरचा बोजा तुम्हाला सतत एकाच बाजूला ढकलत राहतो.

म्हणून खुणांवर विसंबू नका. दोन मापं घ्या. पहिलं, चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या (चाकाच्या दांड्याच्या) मध्यापर्यंतचं अंतर, डावी आणि उजवी बाजू. यासाठी टेप लवते, सळईचा सरळ तुकडा आणि त्यावर रबर सरकवून खूण केली तर माप चुकत नाही. दुसरं माप दोरीचं. दोरी दोन्हीकडं एकाच उंचीवर आणि स्टँडला न घासता जाईल अशी धरा. पुढचा टायर बारीक असल्यानं दोन्हीकडं फट राहणारच, ती सारखी हवी. पहिलं माप जुळलं आणि दुसरं जुळलं नाही, तर चिमटा किंवा फ्रेम वाकलेली आहे. मग व्हीली विसरा आणि आधी ती कामं करा.

चेन आणि हब रबर

चाक सरळ करताना चेनचा ताणही बदलतो. चेनची ढिलाई गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, साध्या गाड्यांना बहुधा २० ते ३५ मिलीमीटरच्या दरम्यान. चाक फिरवत चेन सगळ्यात घट्ट जिथं लागते तिथं मोजा. नवखे इथं चेन आवळतात, 'झटका बसू नये' म्हणून. पण स्टँडवर गाडीचं मागचं चाक लोंबत असतं. व्हीलीत गाडीचा आणि तुमचा पूर्ण भार एकट्या मागच्या चाकावर येतो, शॉकअप दबतात, चिमटा वर येतो आणि इंजिनचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि ॲक्सल एका रेषेत येतात, त्या क्षणी चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवरच घट्ट असलेली चेन तिथं धनुष्याच्या दोरीसारखी होते. इंजिनच्या बाजूचं बेरिंग मार खातं किंवा चेन तुटते. तुटलेली चेन मागच्या चाकात गुंडाळली तर काय होतं, हे मी इथं रंगवून सांगत नाही.

झटका चेनचा नसून बऱ्याचदा हब रबरचा असतो. मागच्या हबमध्ये स्प्रॉकेट आणि चाक यांच्यामध्ये रबरी तुकडे असतात, ॲक्सिलेटरचा धक्का गिळण्यासाठी. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाक हातानं पुढं-मागं हलवा. स्प्रॉकेट जागेवर राहून चाक खटखट फिरत असेल तर रबर चेपलेत. अशा गाडीवर बॅलन्स पॉइंटजवळ ॲक्सिलेटर केसभर कमी-जास्त केला की नाक एकदम खाली-वर होतं आणि माणूस स्वतःच्या मनगटाला शिव्या घालतो. रबराचा संच स्वस्तात मिळतो. काही जण तात्पुरता उपाय म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे घालतात, तसं करू नका, ते आत गोळा होतात.

ॲक्सल पुढं की मागं? अनेक जण चाक शक्य तितकं पुढं ओढतात, गाडी लवकर उचलावी म्हणून. खरं सांगायचं तर ॲडजस्टरच्या त्या दोनेक सेंटिमीटरनं बॅलन्स पॉइंट जेमतेम एखाद्या अंशानं हलतो. स्प्लेंडरचा व्हीलबेस १२३६ मिलीमीटर, क्लासिक ३५० चा १३९०. यातला फरक कळतो, ॲडजस्टरमधला फारसा नाही. नवख्यानं चेन जिथं बरोबर बसते तिथं चाक ठेवावं आणि हा विषय संपवावा.

शॉकअप

दोन शॉकअप असतील तर दोन्हींची स्प्रिंग एकाच पायरीवर आहे ना, एवढं पहिल्यांदा बघा. एक दुसऱ्या पायरीवर आणि एक चौथ्यावर असलेल्या गाड्या मी पाहिल्यात. डबलसीट जाताना घाईत एकच बाजू फिरवलेली असते. मग सीट दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदाच स्थिरावली पाहिजे. ती दोन-तीनदा नाचली किंवा शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसलं तर तो गेलेला आहे. मऊ स्प्रिंगवर गाडी आधी बसते, मग उसळते, आणि वर गेलेलं पुढचं चाक लगामाला झटके देणाऱ्या घोड्यासारखं वर-खाली होतं. एकट्यासाठी नेहमीच्या पायरीपेक्षा एक पायरी कडक ठेवली तर ही उसळी कमी होते.

मागचा ब्रेक

इथं घाई केली तर मागं उलटाल. ड्रम ब्रेक असेल तर पेडलला २० ते ३० मिलीमीटर मोकळी चाल ठेवा. चेनसाठी चाक मागं सरकवलं की ब्रेकची दांडीही ताणली जाते, म्हणून चेन केल्यावर ब्रेक पुन्हा लावायचा, हे दर वेळी. ड्रमच्या प्लेटपासून चिमट्यापर्यंत एक लोखंडी पट्टी जाते, तिच्या नटात कॉटर पिन आहे का ते बघा. ती पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. डिस्क असेल तर तेल, पॅड आणि पेडलची उंची बघा. पाय फूटरेस्टवरून न उचलता पेडल दाबता आलं पाहिजे. व्हीली शिकताना उजवा पाय पेडलवरून हलत नसतो.

चाक जमिनीवर असतानाच पटांगणात ताशी वीसच्या आसपास वेगात नुसता मागचा ब्रेक दाबून बघा. थांबणं सलग हवं. पेडलला ठोके लागत असतील तर ड्रम गोल राहिलेला नाही, तो खरादीकडून करून घ्या.

स्प्रॉकेट

आता पोरांचा आवडता प्रश्न. १५-४५ (पुढं १५ दात, मागं ४५) च्या जागी १५-४८ केलं तर चाकावरचा ओढा सुमारे सात टक्के वाढतो. पुढचं एक दात कमी करून १४-४५ केलं तरी जवळपास तितकाच. पुढचं चाक सोप्यानं उचलतं, पण ॲक्सिलेटर तितकाच नाजूकही होतो आणि नवख्याचं मनगट नाजूक नसतं. पहिले काही महिने कंपनीचंच राहू द्या.

पहिली संध्याकाळ

पहिल्या दिवशी चाक उचलू नका. पटांगणात ताशी तीसच्या वेगात हँडलवरची पकड नुसती टेकवण्याइतकी ठेवा आणि गाडी कुठं ओढते ते बघा. एका बाजूला ओढली तर परत दोरी.

दुसऱ्या दिवशी वीतभरच, दूधवाल्याएवढं. पुढचं चाक हँडल सरळ असतानाच टेकलं पाहिजे. व्हीलीत ते हळूहळू मंदावतं, टेकताना चीं आवाज करतं आणि तिरकं टेकलं तर हँडल जोरात डावी-उजवीकडं झटकतं. ज्या गाड्यांचं मीटर पुढच्या चाकातून केबलनं चालतं, तिथं चाक वर असताना काटाही खाली येतो, त्याच्याकडं बघून वेग ठरवू नका.

गाडी काय करतेय यावरून चाकाचा दोष ओळखता येतो. नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर चाक तिरकं किंवा शॉकअप असमान. शेपटी हलवत असेल तर बुश, बेरिंग किंवा हवा फार कमी. नाक वर-खाली उसळत असेल तर शॉकअप, आणि ॲक्सिलेटरला खटका देत असेल तर हब रबर किंवा चेन. हे सगळं नीट असूनही कधी डावीकडं कधी उजवीकडं पडत असेल, तर दोष तुमचा, आणि तो सरावानं जातो.

शेवटची एक सवय लावा. ॲक्सलचा नट पुस्तकातल्या आकड्यानुसार टॉर्क पान्यानं आवळला की नटावरून चिमट्यावर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. दर आठ-दहा उचलींनंतर खाली वाकून ती रेघ बघा. ती तुटलेली दिसली की त्या दिवशी गाडी तिथंच बंद करायची आणि ढकलत नेऊन टेम्पोत टाकायची.